देवामध्ये विसावा आणि मोकळ्या हाताने देणे : खेड्यातील नव्या विश्वासणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

विश्वासात नव्याने आलेले किंवा लग्नानंतर स्वतंत्र चूल मांडलेले तरुण उपासना संपल्यावर दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला असा की, हंगामाच्या दिवसांत वचनाप्रमाणे एक दिवस काम थांबवायचे तरी कसे. आणि दुसरा असा की, आपल्याच डोक्यावर पीककर्ज असताना दुसऱ्याला काय आणि किती द्यायचे. विदर्भातल्या कोरडवाहू गावात संसार करताना या दोन्ही प्रश्नांतून मी गेलो आहे, आणि ते सुटतात ते एकत्रच सुटतात, असे माझे ठाम मत झाले आहे. आपली भाकर देवाच्या हातून येते यावर ज्याचा भरवसा बसला, त्याला कामही थांबवता येते आणि मूठही उघडता येते. ज्याचा तो भरवसा बसलेला नाही, त्याला दोन्ही जड जातात. म्हणून पुढच्या पायऱ्या याच क्रमाने घ्याव्यात, देण्यापासून सुरुवात करू नये.

लागणारे साहित्य अगदी थोडे आहे. मराठी पवित्र शास्त्र, एक दोनशेपानी वही, भिंतीवरचे कॅलेंडर, झाकणाचा एक डबा धान्यासाठी आणि एक लहान डबा पैशांसाठी. पीककर्जाचे पासबुक, कृषी केंद्राच्या उधारीच्या पावत्या आणि बचत गटाचे हप्तापुस्तक हे तिन्ही कागद जवळ काढून ठेवा. पाचव्या पायरीला त्यांची गरज पडेल.

१. विसावा कोणाकडून मिळतो ते आधी समजून घ्या

नव्या माणसाची गल्लत येथेच होते. विसावा म्हणजे कामाला सुटी असे धरून तो रविवारी वावरात जात नाही, पण सोसायटीचे कर्ज, बोंडअळी आणि पोरीची फी यांचे गणित डोक्यात चालूच राहते, आणि सोमवारी तो शनिवारपेक्षाही थकलेला असतो. मत्तय ११:२८-३० मध्ये प्रभू येशू कष्टी व भाराक्रांत लोकांना आपल्याकडे बोलावतो आणि विसावा देण्याचे वचन देतो. त्याच ओळींत तो ‘माझे जू आपणांवर घ्या’ असेही म्हणतो. नवा गोऱ्हा कामाला लावताना त्याला जाणत्या बैलाच्या जोडीला जुंपतात आणि ओढ मुख्यतः तो जाणता बैलच पेलतो, हे ज्याने पाहिले आहे, त्याला या वचनाचा अर्थ फोडून सांगावा लागत नाही. काम राहते, कर्ज राहते, पण ओढणारे आपण एकटे राहत नाही.

यानंतर १ राजे, अध्याय १९ सावकाश वाचा. कर्मेल डोंगरावर एवढे मोठे कार्य झाल्यानंतर राणी ईजबेलीच्या एका धमकीने संदेष्टा एलीया जीव घेऊन पळतो, रानातल्या एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देव त्याला रागे भरत नाही, त्याचा विश्वास कमी पडला असेही म्हणत नाही. दूत त्याला हलवून उठवतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे असते. तो खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा उठवतो आणि दुसऱ्यांदा जेवू घालतो. ‘एलीया, तू येथे काय करतोस?’ हा प्रश्न देव त्याला फार नंतर, होरेब डोंगरावर विचारतो. आपल्या मंडळ्यांत खचलेल्या माणसाला आधी उपदेश आणि मग चहा मिळतो. देवाचा क्रम याच्या उलट आहे, हे मनात पक्के करा. दमलेल्या शरीराला झोप आणि अन्न देणे हा विश्वासाचाच भाग आहे.

२. एक दिवस ठरवा आणि तो आदल्या संध्याकाळपासून राखा

शेतकऱ्याने सर्वांत आधी पाठ करावे असे वचन निर्गम ३४:२१ आहे. सहा दिवस काम करून सातव्या दिवशी विसावा घ्यावा, आणि नांगरणीच्या व कापणीच्या हंगामातही घ्यावा, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. देवाला हंगाम ठाऊक नाही असे नाही. हंगाम ठाऊक असूनच त्याने ही आज्ञा दिली आहे.

बहुतेकांना रविवार सोयीचा असतो. पण कित्येक गावांचा आठवडी बाजार रविवारीच भरतो, आणि कित्येक ठिकाणी एकाच पाळकाकडे चार-पाच गावे असल्याने उपासना दुपारी किंवा दुसऱ्याच दिवशी होते. अशा वेळी रोमकरांस १४:५ वाचा, घरच्यांशी बोला आणि जो दिवस खरोखर पाळता येईल तो कॅलेंडरवर लाल पेनाने नोंदवा. दिवस दर आठवड्याला बदलत राहिला, तर तो महिन्याभरात नाहीसा होतो.

तयारी आदल्या दिवशी होते. निर्गम १६ मध्ये इस्राएल लोक सहाव्या दिवशी दुप्पट मान्ना गोळा करत, तशी शनिवारी सूर्य मावळण्याआधी पाण्याची टाकी आणि रांजण भरून घ्या, ज्वारी दळून आणा, जनावरांसाठी कडबा व कुटार गोठ्याजवळ आणून टाका, मुलांचे गणवेश धुऊन टाका. यातली निम्मी कामे पुरुषांनी करावीत, हे मी आग्रहाने सांगतो. आपल्या घरांत रविवार हा पुरुषांच्या विसाव्याचा आणि बायांच्या सर्वाधिक कामाचा दिवस झाला आहे: उपासनेहून आल्या की कोंबडी, भाकरी, पाहुणे, आणि भांडी घासता घासता दिवस मावळतो. लूक १०:३८-४२ मध्ये पाहुणचाराच्या कामाने दगदगलेल्या मार्थेला प्रभूने, गरज एकाच गोष्टीची आहे, असे सांगितले, हे लक्षात ठेवून रविवारचे जेवण साधे ठेवा. वरण-भात आणि ठेच्याने कोणाचा पाहुणचार कमी होत नाही.

जनावरांचे चारापाणी, दूध काढणे, आजाऱ्याची सेवा ही कामे त्या दिवशीही होतातच. सोयाबीनची गंजी उघडी आहे आणि ढग दाटून आले, तर ताडपत्री टाकायला धावलेच पाहिजे. विहिरीत पडलेला बैल शब्बाथ दिवशी कोण वर काढणार नाही, असे प्रभूनेच लूक १४:५ मध्ये विचारले आहे. मात्र दर आठवड्याला अशी काही ना काही निकड निघू लागली, तर आपण सवयीला निकड म्हणत आहोत की काय, ते तपासावे.

सर्वांत अवघड प्रश्न जूनचा असतो. मृगाचा पाऊस झाला आणि नेमका विसाव्याच्या दिवशी वाफसा आला तर पेरणी करावी का? माझे मत थांबावे असे आहे. भारी काळ्या जमिनीतली ओल एका दिवसाने जात नाही. बरड, मुरमाड जमिनीत ती लवकर उडते, त्यामुळे तेथे निर्णय खरोखर कठीण असतो. तेथे ज्याने त्याने प्रार्थना करून ठरवावे, आणि पेरणाऱ्याला थांबणाऱ्याने किंवा थांबणाऱ्याला पेरणाऱ्याने नावे ठेवू नयेत.

३. तो विसावा दुसऱ्यांपर्यंत पोहोचवा

येथून देणे सुरू होते, आणि अजून एक रुपयाही डब्यातून काढलेला नाही. अनुवाद ५:१४ मध्ये विसाव्याची आज्ञा घरमालकापाशी थांबत नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव आणि वेशीच्या आतला परका या सर्वांना ती लागू होते, आणि दासदासींना ‘तुझ्याप्रमाणे’ विसावा मिळावा, असे कारणही दिले आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्या गावात बैलांच्या खांद्याला हळद-तूप लावून खांदशेकणी करतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतात. त्या दिवशी कोणी बैल जुंपत नाही. आपल्याला शास्त्राने बैलांचा असा दिवस वर्षातून एकदा नव्हे, दर आठवड्याला सांगितला आहे.

सालदार ठेवला असेल, तर पाडव्याला साल ठरवतानाच आठवड्याची एक सुटी बोलीत घाला आणि तिचे पैसे कापू नका. रोजाने येणाऱ्या निंदणाच्या आणि वेचणीच्या बायांचा चुकारा बाजाराच्या आदल्या दिवशी, सूर्य मावळण्याआधी करा. लेवीय १९:१३ आणि अनुवाद २४:१५ ही वचने मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवण्यास मनाई करतात. जिनिंगवरून पैसे आले नाहीत म्हणून चुकारा पुढच्या बाजारावर ढकलला, तर त्या बाईला तेल-मीठ उधार घ्यावे लागते. तिची मजुरी अडवून रविवारी अर्पणाच्या पिशवीत टाकलेली नोट तिच्याच पदरची असते.

ज्याच्याकडे पैसा नाही, त्यालाही विसावा देता येतो. रानडुकरे आणि रोही यांच्यामुळे रात्र रात्र जागलीवर काढणारी माणसे आपल्या प्रत्येक गावात आहेत; हिवाळ्यात रात्रीची वीज आली की तीच माणसे हरभऱ्याच्या ओलितासाठी पुन्हा उठतात. एखाद्या शेजाऱ्याला सांगा, ‘दादा, आज तुम्ही घरी झोपा, तुमच्या माळ्यावर मी बसतो.’ टॉर्च, काठी, घोंगडी आणि एक डबा वाजवायला, एवढेच लागते. एकट्याने जाऊ नका, दोघांनी जा, आणि जंगलाला लागून असलेल्या गावांत वाघ-बिबट्याचा वावर असेल तर वन विभागाच्या सूचना आधी विचारा. एका माणसाला एक पूर्ण रात्र झोप मिळणे ही केवढी मोठी भेट आहे, हे दुसऱ्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर दिसते.

४. रात्रीच्या काळजीसाठी वही उघडा

स्तोत्र १२७:२ मध्ये पहाटे उठून, रात्री उशिरापर्यंत बसून कष्टाची भाकर खाण्याला व्यर्थ म्हटले आहे आणि झोप ही देवाची देणगी सांगितली आहे. झोपण्यापूर्वी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, वहीच्या डाव्या पानावर त्या दिवसाच्या काळज्या एकेका ओळीत लिहा, उजव्या पानावर त्यांतल्या ज्या गोष्टी उद्या आपल्या हातून होण्यासारख्या आहेत तेवढ्याच लिहा, आणि उरलेल्या मोठ्याने वाचून देवाच्या स्वाधीन करा. नवरा-बायकोने हे एकत्र केले तर अधिक चांगले; कर्जाची रक्कम बायकोपासून लपवणारा माणूस दोघांच्या वाटची काळजी एकटा वाहतो.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो. सलग कित्येक दिवस झोप नसेल, जेवण जात नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर ‘आणखी प्रार्थना करा’ एवढाच सल्ला देऊन कोणाला परत पाठवू नका. १४४१६ या टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवा) क्रमांकावर कोणत्याही वेळी विनाशुल्क बोलता येते. त्या माणसाजवळ बसून फोन लावून द्या आणि त्याला घेऊन जिल्हा रुग्णालयात जा. घरातले कीटकनाशकाचे डबे त्याच्या हाती लागणार नाहीत असे हलवा. एलीयाकडे देवाने दूत पाठवला होता. आज ते काम तुमच्याकडे आलेले असू शकते.

५. देण्याचा हिशेब पैसे हाती येण्याआधी करा

१ करिंथ १६:२ मध्ये पौल सांगतो की, प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला ठेवावे. आठवड्याला रोजी मिळणाऱ्यांनी हे जसेच्या तसे पाळावे, आणि पगारदारांनी महिन्याला. शेतकऱ्याचा पैसा मात्र सोयाबीनला दिवाळीच्या आसपास आणि कापूस-तुरीला त्यानंतर येतो, आणि आला की कृषी केंद्र, सोसायटी, लग्नकार्य असे सगळे एकदम दारात उभे राहतात. म्हणून आकडा दसऱ्यापूर्वीच वहीत लिहून ठेवावा.

बी-बियाणे, खत, फवारणी, मजुरी आणि मार्चअखेर भरावयाचा कर्जाचा हप्ता हे सर्व वजा जाता हाती काय उरेल, याचा अंदाज पासबुक आणि पावत्या समोर ठेवून काढा. समजा ५०,००० रुपये उरले, तर दशमांश ५,००० होतो. दशमांश एकूण विक्रीवर काढावा की शिलकीवर, यावर चांगल्या विश्वासणाऱ्यांतही मतभेद आहेत. ज्या पिकाचा खर्चच उत्पन्नाएवढा होतो, तेथे नव्या माणसाने शिलकीवर काढावा, असे मला वाटते. २ करिंथ ८:१२ प्रमाणे जे आहे त्या मानाने दिलेले मान्य होते, जे नाही त्या मानाने नव्हे. पहिल्या वर्षी दशमांश जमत नसेल, तर जमेल तेवढे ठरवा, पण ठरवा.

रकमेचे भाग पाडताना अनुवाद १४:२८-२९ पाहा. तेथे तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच साठवून लेवी (देवाच्या उपासनेची सेवा करणारा), परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावे, असे सांगितले आहे. म्हणजे मंडळी आणि शेजार दोन्हींचा त्यात वाटा आहे. आमच्या घरी अर्धा भाग मंडळीला, उरलेल्यातला बराचसा ठरलेल्या एका-दोन घरांना आणि थोडा अचानक येणाऱ्या गरजेला, अशी वाटणी असते; ती शास्त्राची आज्ञा नाही, आमची सोय आहे.

धान्याच्या डब्याची रीत वेगळी आहे. मिझोरामच्या मंडळ्यांत स्वयंपाकाला तांदूळ काढताना दर वेळी एक मूठ बाजूला ठेवतात आणि त्यातून मंडळीची मोठमोठी कामे चालतात. आपणही तांदूळ, ज्वारीचे पीठ किंवा तुरीची डाळ काढताना एक मूठ डब्यात टाकावी. मूठ लहान मुलाच्या हाताने टाकली तर फार चांगले, कारण देण्याची सवय त्याला कोणी शिकवावी लागत नाही.

६. कोणाला, काय आणि कोणत्या रीतीने

लेवीय १९:९-१० मध्ये शेताचे कोपरे कापू नका आणि सरवा वेचू नका, तो गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्या, अशी आज्ञा आहे. आपल्याकडे ती पाळणे सोपे आहे. सोयाबीन सोंगून झाल्यावर गळलेल्या शेंगा आणि धुऱ्यालगतची तुरीची दोन तासे मोकळी सोडा, आणि शेजारच्या वस्तीत तसे आधी सांगा, म्हणजे कोणाला चोरासारखे यावे लागणार नाही. रूथ २:१६ मध्ये शेतमालक बवाज आपल्या गड्यांना पेंढ्यांतून काही कणसे मुद्दाम गळू द्यायला आणि सरवा वेचणाऱ्या रूथला न धमकावायला सांगतो. रूथने स्वतः वेचले, स्वतः झोडले आणि सासूला नेऊन दिले. तिचा मान राहिला. देण्याची यापेक्षा चांगली रीत मला माहीत नाही.

पैशापेक्षा सोबतीची गरज पुष्कळदा मोठी असते. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात पहिल्यांदाच रुग्ण घेऊन गेलेल्या माणसाला केसपेपर कोठे काढायचा, तपासणीची रांग कोणती, हे कळत नाही. त्याच्यासोबत एक दिवस उभे राहा. आधार कार्ड, रेशन कार्ड, जुने रिपोर्ट आणि त्यांच्या झेरॉक्स एका पिशवीत घालून न्या, आणि दोन माणसांचा डबा घरून घ्या.

गरजू घर ख्रिस्ती आहे की नाही, हे पाहू नका. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतातून निराधार मुलींना घेऊन आल्या आणि पुढे केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना अन्नाबरोबर शिक्षण आणि हाताला कामही दिले. त्यांच्यापुढे उपासमारीने खंगलेली मुले होती आणि तेवढे कारण पुरेसे होते. मदतीच्या सोबत उपासनेचे निमंत्रण देऊ नका, फोटो काढू नका, नंतर आठवण करून देऊ नका. तुम्ही हे का करता, असे कोणी आपणहून विचारले, तर मात्र खरे ते सांगा.

७. हे सापळे ओळखा

कर्ज काढून अर्पण देऊ नका. नीतिसूत्रे २२:७ प्रमाणे ऋणको हा धनकोचा दास होतो, आणि देव आपल्या लेकराला दास करून अर्पण घेत नाही. ‘एवढे बीज पेरा, शंभरपट मिळेल’ असे सांगून फोनवरून किंवा मोठ्या सभेतून क्यूआर कोड दाखवणाऱ्यांपासून सावध राहा. अशा सभांत दोन टोल्या (अगदी लहान नाणी) टाकणाऱ्या विधवेचा दाखला फार दिला जातो. मार्क १२:४१-४४ वाचताना त्याच्या आधीचे ४० वे वचनही वाचा. विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्यांना प्रभूने तेथे कडक शब्दांत दोष दिला आहे, आणि लगेच पुढे ती विधवा येते.

कापणीच्या सणाच्या लिलावात भोपळ्याला किंवा तुरीच्या कट्ट्याला बोली लावताना घरून ठरवून आलेल्या आकड्यावर थांबा. चढाओढीने लावलेली आणि नंतर महिनोन्‌महिने थकलेली बोली मंडळीच्या वहीत तशीच पडून राहते, आणि तो माणूस हळूहळू उपासनेला येणे सोडतो. लाउडस्पीकरवरून आपले नाव व रक्कम वाचू नये, असे आधीच सांगून ठेवा; मत्तय ६:१-४ त्यासाठी पुरेसे आहे.

म्हाताऱ्या आईबापांचे औषध थांबवून केलेले दान मार्क ७:९-१३ मध्ये प्रभूने नाकारले आहे. आणि मन कुढत असताना देऊ नका. ‘संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो’ असे २ करिंथ ९:७ सांगते. मन कुढत असेल तर दुसऱ्या पायरीवर परत जा, बहुधा विसावा राहून गेलेला असतो.

८. मंडळीच्या पैशाचा हिशेब चोख ठेवा

मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची असो, अलायन्सची, मेथडिस्ट की कॅथलिक, अर्पण दोघांनी मिळून मोजावे, दोघांनी सही करावी आणि महिन्याचा जमाखर्च सर्वांसमोर वाचावा. पौलानेही देणगी पोहोचवताना सोबत माणसे घेतली आणि लोकांच्या दृष्टीनेही व्यवहार स्वच्छ राहील असे पाहिले (२ करिंथ ८:२०-२१). मोठ्या रकमेची पावती मागण्यात अविश्वास नाही.

९. घेण्याची पाळी आली तर

ही पायरी उदार माणसांनाच सर्वांत कठीण जाते. गारपिटीने हरभरा झोपला, घरातला कर्ता आजारी पडला आणि शेजारची ताई ज्वारीचा कट्टा घेऊन दारात आली, तर ‘आमचे भागते’ म्हणून तिला परत पाठवू नका. २ करिंथ ८:१४ मध्ये आज तुमच्या विपुलतेतून त्यांची गरज भागावी आणि उद्या त्यांच्या विपुलतेतून तुमची, असे दोन्ही बाजूंनी सांगितले आहे. कट्टा घरात घ्या, तिला बसवून चहा द्या, आणि वहीत तारीख टाकून लिहा. मात्र तो उधारीच्या पानावर लिहू नका. उपकारस्तुतीसाठी एक वेगळे पान ठेवा आणि आठवड्याच्या विसाव्याच्या दिवशी ते पान घरातल्या सर्वांसमोर वाचा.